सांबरा ते मेलबर्न

वडील जिथं वारले, बेळगावच्या त्या दवाखान्यात लतिका त्यानंतर पहिल्यांदाच आली होती. शेजारच्या बाकावर कडोली गावचे परशराम आणि अक्काताई, भाऊबहीण, बोलत होते; ते तिच्या कानावर पडत होतं.

“आक्का, मोबाईलवर सांबरा विमानतळ ते मेलबर्न मोजलं. साडेनऊ हजार किलोमीटर भरतंय.”

“थेट विमान हाय व्हय रं? मधलं बेंगळूर, सिंगापूर कोण मोजणार?”

“तेच म्हणतोय. आपल्या समर्थला तिथनं सुट्टीबी मिळंना.”

“मेव्हणीच्या लग्नाला आलता, तवा मेलबर्न जवळ हुतं व्हय?”

“हळू बोल गं! आत आप्पा शुद्धीवर हाईत.”

“हाईत म्हणूनच सारखं इचारत्यात, धाकटा कुठवर आला.”

“मग काय सांगितलंस?”

“रेल्वेत हाय, लोंढा टेसन सोडलं, असं म्हटलं मी. मरणाऱ्या बापाशी खोटं बोलायची पाळी आणली त्यानं माझ्यावर!”