तिरपी लाल रेघ

हसू नका, पण आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटरचा पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्या मॅडम प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडेवर तिरपी लाल रेघ मारल्याशिवाय कुणाला हलू देत नसत. मला ते त्यांचं सोवळंच वाटायचं. एकदा गठ्ठा घेऊन जाताना द्वारका चौकात माझी स्कूटर घसरली आणि सगळी कार्डं रस्त्यावर! क्रम चुकला की प्रोग्राम मेला. समोरच्या दुकानातून फोन लावला.

"मॅडम, कार्डं सांडली."

"तुला लागलं का?"

"नाही."

"रेघ मारली होतीस ना? मग ती जुळव आणि चहा पी."

रेघ जुळली, कार्डं क्रमानं लागली, माझा जीव भांड्यात पडला.

आता कार्डं गेली, फ्लॉपी आली. परवा नवी पोरगी, काही बिघडलं तर असावी म्हणून, कामाची जादा कॉपी काढत बसली होती.

"काय गं करतेस?"

"रेघ मारतेय, सर."

कार्ड तिनं जन्मात पाहिलेलं नाही!