उघड्या मानेची

चैत्रातली दुपार. मानोऱ्याचा बाजार करून मी इंझोरीच्या मोटारीची वाट पाहत होतो. शेजारी चतुराबाई आणि अमीनाबी. दोघींच्या टोपल्यांत नुकतीच घेतलेली एकेक कोंबडी.

"अव अमीनाबी, हे काय घेतलं वं? मानेवर पीसच नाई! खरूज झाली का तिले?"

"जातच तशी हाय, चतुराबाई. तुहीच पाय, गादी पांघरून बसली!"

"विलायती हाय! हे मोठे मोठे अंडे देते."

"देईन. पन उबवायले बसत नाई ते. पिल्लं काय तू काढशीन?"

"माह्या घरची गावरान खुडूक झाली ना, थे उबवीन. अव माय! हे तं चोच वासून राह्यली!"

"अल्ला! पानी पाज तिले! घे, माह्या लोट्यातलं घे!"

"मान टाकते का काय वं?"

"नाई, नाई! पेली पाय, पेली!"

"अन् तुही तं याच उन्हात खुशाल दाने टिपून राह्यली?"

"मंग! खरूज हाय ना तिले!"

"अमीनाबी..."

"बोल."

"तिचे अंडे माह्या खुडुकीखाली ठेव. पिल्लं अर्धे अर्धे."

"चालते की!"

"पन अमीनाबी, आताच सांगून ठेवतो, उघड्या मानेचे सारे माहे!"