पहिलं डिकॉक्शन, दुसरं डिकॉक्शन

...आणि वर म्हणते कशी, 'अप्पा, सोप्पं आहे हो! पूड टाका, गरम पाणी ओता, चार मिनिटं थांबा, दट्ट्या दाबा!' चार मिनिटं थांबा म्हणे! अगं, सहा महिने झाले, मी थांबलेलोच आहे... पण असं बोललो नाही हो, 'बरं' म्हटलं. वैदेही म्हणजे माझी मुलगी, बंगळूरला असते, तिनं ते काचेचं भांडं पाठवलं, फ्रेंच प्रेस म्हणतात त्याला, आणि मागोमाग फोनवर हुकूम, 'रविवारी येते. स्वतःची कॉफी स्वतः करून दाखवलीत तर राहा म्हैसूरला, नाहीतर घराला कुलूप आणि चला माझ्याबरोबर!' राहतं घर, कुलूप लावायचं! तुम्हाला सांगतो, काही वाटलं नाही.

तसं पंकजा, माझी बायको, गेली तेव्हाही नाही वाटलं. लोक यायचे, 'रडून घ्या, मोकळे व्हा' म्हणायचे, मी म्हणायचो, 'बसा, कॉफी घ्या', आणि मग आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायचो, कारण करणार कोण? तिच्या त्या पितळी फिल्टरला मला कधी हात लावू दिला असेल तर शपथ! 'अहो, तुम्ही व्हा बाहेर, पेपर वाचा!' वाचला. अडतीस वर्षं वाचला! पहिलं दाट डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळलेला कॉफीचा अर्क, माझं नि आल्यागेल्याचं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून जे काय गळेल ते दुसरं, तिचं. आमच्याकडे घरोघरी हेच, त्यात विचारायचं काय? ती गेल्यावर मीही लावून बघितला फिल्टर... सकाळपासून दुपारपर्यंत तीन थेंब! समोर बसून होतो मी.

तर आता हा दट्ट्या. त्याला पूड जाड लागते, म्हणून गेलो नंजुंडप्पाच्या गिरणीत, तीस वर्षं तोच दळतो आमची कॉफी. म्हटलं, 'जाड दळ.' तो म्हणतो, 'जाड? सर, उपमा करताय की काय? पंकजम्मांची पूड मला पाठ आहे, तुम्ही मध्ये बोलू नका!' आणि नेहमीसारखी पिठासारखी बारीक, वर चिकोरी घालून, पुडा माझ्या हातात. मी भांडलो? छे! भांडायला काहीतरी वाटावं लागतं.

मग काय, भांड्यात झाला चिखल, दट्ट्या जागचा हलेना! शेजारचे अनंतस्वामी धावत आले, 'सरका, सर! चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत मी, हा काय नखरे करतो बघू!' आणि अंगाचा सगळा भार टाकला की हो... फस्स! भिंत, कॅलेंडर, अनंतस्वामींचं परीटघडीचं धोतर, पंकजाचा फोटो, सगळीकडे कॉफी! ते बिचारे नाकावरचा गाळ पुसत म्हणतात, 'सर, निदान हसा तरी!' तुम्हाला सांगतो, काही वाटलं नाही. फोटो पुसला, हार बदलला.

शनिवारी पुन्हा गिरणीत गेलो. 'नंजुंडप्पा, कर बाबा रवा.' केला त्यानं, पण तोंड असं, जसं काही मी त्याला विष दळायला सांगितलं!

आणि रविवारी, वैदेही समोर बसलेली, घड्याळावर डोळे... पूड, पाणी, चार मिनिटं... दट्ट्या गेला की हो खाली, गुपचूप! दूध घातलं, साखर घातली, वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत, फेस आणून दिली. ती प्यायली. रिकामा पेला खाली ठेवला नि म्हणाली, 'राहा, अप्पा. इथंच राहा.' आणि बाहेर जाऊन बसली. जिंकलो! राहिलं घर!

आणि माझे हात बघा, मी काही ठरवलंही नव्हतं हो, त्यांनी दट्ट्या वर काढला, त्याच गाळावर पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा दाबला. जे आलं त्यात दूध घातलं आणि ओट्याशी उभ्यानंच घोट घेतला. पाणी! नुसतं कोमट, कडवट पाणी! आणि ती... रोज... इथंच उभी राहून... अधूनमधून पेपराआडूनच विचारायचो मी, 'कशी झाली गं तुझी?'

तेवढ्यात बाहेरून वैदेही, 'अप्पा, तुमची कशी झालीय?'

'छान झालीय,' म्हटलं. दुसरं काय सांगणार? अडतीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरातून हेच उत्तर येतंय.