उघड्या चाकांच्या गाड्या

"आवाज कायले कमी केला बे, बादल?"

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या तुळसाबाईंच्या कानाशीच कुरकुर चालली होती. राजूरला कोळशाचा ट्रक चालवणाऱ्या देवसिंगला लायसनच्या कागदावर डॉक्टरची सही हवी होती. सोबत बायको रुपीबाई, पुतण्या बादल आणि मोबाइलवरची मोटारींची शर्यत.

"दवाखाना हाय, काका. पाहा, उघड्या चाकाच्या गाड्या कशा सुसाट जातात!"

"नाजूक काम! चाकाले चाक लागलं की खलास. मले त्या चाकं झाकलेल्या बंद गाड्याच आवडतात. पत्र्याले पत्रा घासते, तरी पळतात."

"मंग सांगा, आता समोर कोणती हाय?"

"लाल."

"यात लाल गाडीच नाही, काका."

"तू आवाज वाढव पह्यले!"

"ठेव तो मोबाइल, बादल," रुपीबाई म्हणाली. "यायले दिसत नाही. दिवाळीपासून ट्रकमधी मीच बाजूले बसून रस्ता सांगून राह्यली."