कात्री लागलेल्या पिशव्या

कामिनी: अक्का, ही माझीच पिशवी आहे ना?

शेवंताबाई: तुन्हीच शे. आठ दिन पहिले तूच त दी गयथी, कापूस येचाले.

कामिनी: मग हिचं झाकण कुठंय?

शेवंताबाई: कापी टाकं.

कामिनी: आणि चेन?

शेवंताबाई: उसवी टाकी. नातना दप्तरले लायी. तू बठ, पानी पे.

कामिनी: पाणी कसलं, अक्का! उद्या सकाळी जळगावला आमच्या कारखान्याच्या बन्सीलालशेठना हिचा नमुना दाखवायचाय. दोन वर्षं कारखान्यात दुसऱ्यांनी आखलेल्या वस्तू बनवतेय. ही पहिली माझ्या डोक्यातली. उद्या शेठ ‘बनवा’ म्हणाले तर ठीक, नाहीतर माझी आराखड्यांची वही कपाटात जाणार.

शेवंताबाई: मंग देखाड ना हाई!

कामिनी: अशी कापलेली? फॉर्मवर तुम्ही सगळ्यांनी ‘छान’ लिहिलं होतंत. बारा बायका, नऊ प्रश्न, सगळीकडे छान. मी तर कारखान्यात पेढे वाटले!

शेवंताबाई: तू इतला उनमा स्कूटीवर उनी. आम्हना संगे भाकर खादी, बेबाबाईना हातना चहा पिनी. पाहुनीले तोंडवर वाईट कसं सांगानं?

कामिनी: म्हणजे वाईट होती.

शेवंताबाई: दुसरा दिन बठ्ठ्या बाया कंबरले जुना लुगडानी वटी-झोळी बांधीसन वावरमा.

कामिनी: एकीनंही वापरली नाही?

शेवंताबाई: मी वापरी. म्हनीसन त कात्री लिनी. आवडती नसती, त कोपरामा पडू देती.

कामिनी: मग आज सांगा. काय वाईट आहे तिच्यात?

शेवंताबाई: रडशी नही ना?

कामिनी: रडले तरी सांगा.

शेवंताबाई: सांगीसन समजाव नही. तुन्हाकडे एक कोरी शे ना? ती बांध, नी चाल मन्हा संगे या ओळवर.

(कामिनी स्कूटीच्या डिकीतली आपली जपून ठेवलेली पिशवी काढते, खांद्यावर चढवते आणि कापसात शिरते. तासाभरात शेवंताबाईची पिशवी दोनदा भरून रिकामी होते. कामिनीची अजून अर्धीही नाही, आणि मनगटं मात्र लाल झालीत.)

कामिनी: हे झाकण दर वेळी हातावर पडतंय हो! केरकचरा आत जाऊ नये म्हणून मी मोठ्या हौसेनं लावलं होतं.

शेवंताबाई: दोन्ही हात बोंडवर, डोया पुढला झाडवर. पिशवीकडे देखाले टाईम कोठे शे? हात आपोआप आत जावाले जोयजे.

कामिनी: आणि रिकामी करताना?

शेवंताबाई: डोकावरथून काढनी पडस. पदर अटकस, केस अटकतस. मी बुडले नाडी लायी. ढीगवर उभं ऱ्हावानं, नाडी खेचानी, हाई देख! बठ्ठा कापूस खाले.

कामिनी: अगं बाई! एवढं साधं मला का नाही सुचलं?

शेवंताबाई: तुले पट्टा सुचना ना, दोन्ही खांदावरना! त्याले मी हात लाया नही. तीस वरीस झायात माले कापूस येचता. यंदा पहिलींदाव सांजले मन्ही कंबर दुखत नही. त्यानासाठेच त एवढी खटपट.

कामिनी: अक्का, हे फॉर्मवर का नाही लिहिलंत?

शेवंताबाई: फॉर्मवर जागा केवढी व्हती? ‘छान’ मावस तेवढीच.

(शिंपी हाशम गाठोडं घेऊन शेतात येतो.)

हाशम: कोण, कारखानेवाली बेटी आली का? बरं झालं. हे गाठोडं घे. बाकीच्या अकरा पण तयार आहेत.

कामिनी: हाशमचाचा, चोपडा गावातलं शिलाईचं दुकान सोडून तुम्ही इथं? आणि अकरा काय तयार आहेत?

हाशम: पिशव्या! शेवंताबाईची बघितली आणि सगळ्या बाया माझ्या मशीनसमोर लाइन लावून उभ्या. मी म्हटलं, कारखान्याचा माल आहे, कात्री लावत नाही. ऐकतंय कोण? ही भागाबाईची. ती डावखुरी, म्हणून तोंड डावीकडे. ताईबाईला मोबाईलसाठी खिसा. बेबाबाईला चुन्याच्या डबीसाठी, तो पण आतून. सुनेला दिसायला नको.

कामिनी: थांबा चाचा, हसून हसून पोट दुखायला लागलं माझं!

शेवंताबाई: हसस काय? उद्या शेठकडे तुन्ही कोरीच ने. ती चांगली दिसस.

कामिनी: तिच्यानं माझी मनगटं सोलली. या बाराच नेणार मी. आणि तुम्हीही चला.

शेवंताबाई: मी? शेठ चहा पाजी, नी मी बी ‘छान’ म्हनी टाकसू.

कामिनी: मग आधी पिशव्या, नंतर चहा. शेठना तसं सांगूनच ठेवते.

हाशम: मी पण येतो. टाके माझे आहेत.

कामिनी: यायलाच हवं! पण अक्का, आज मला चहाचं विचारलंसुद्धा नाहीत?

शेवंताबाई: चहा पाहुनीले. तू त आत्ता घरनी झायी. लिंबडाखाले चूल शे, दूध किटलीमा शे. मांड, नी आम्हले बी दे.

कामिनी: घ्या चाचा. घ्या अक्का. कसा झालाय?

हाशम: एकदम छान, बेटी!

शेवंताबाई: साखर कमी शे, माय.