पहाटेचा वाचक

हंबीरराव : प्रबंध चांगला जाडजूड झालाय की गं. ह्यात माझी ‘येरळाकाठ’ कुठं हाय?

अंकिता : तिसऱ्या प्रकरणात, काका. जिल्ह्यातल्या बातम्यांच्या सुरुवातीच्या वेबसाइट. त्यातली तुमची एकटीच अजून चालू आहे.

हंबीरराव : येबसाइट नवी व्हती तवा तुज्या विद्यापीठातनं एक सर आलते. हितंच बसून एकेक बातमी वाचायचे, आन् ‘ही का दिली?’ म्हणून पिडायचे. मग एक बाई आल्या. त्यांनी फेसबुकचे लाइक मोजले. तू तर आज पयल्यांदा तोंड दाखवलंस, ते बी प्रबंध बांधून झाल्यावर.

अंकिता : आता असंच चालतं. सगळं कॉम्प्युटरवर.

हंबीरराव : गाव बी तसंच. व्हाट्सॅप सोडून कोण वाचतंय? माझा एकच गडी टिकलाय. रोज पहाटं येतो, सगळ्या बातम्या उघडतो. निधनवार्ता सुदिक सोडत न्हाई.

अंकिता : कोण आहे?

हंबीरराव : नाव कुठनं कळायचं? रोज तोच नुसता आकडा दिसतो. आपल्याकडचाच कोन तरी जवान आसणार. पहारा सुटला की वाचत आसंल. त्याच्यापायीच मी पाऊस टाकाय लागलो. कडेगावात किती, कुंडलला किती, वढ्याला पाणी आलं का. लांब गेलेलं माणूस आदी पावसाचंच इचारतं.

अंकिता : काका… तो माझा प्रोग्राम आहे. रोज पहाटे तुमची पानं उतरवून घेतो.

हंबीरराव : वाचतो?

अंकिता : शब्द मोजतो.

हंबीरराव : आन् तू?

अंकिता : मी त्यानं मोजलेलं बघते. मधेच तुमच्या पावसाच्या बातम्या एकदम वाढल्या. कारण सापडेना. शेवटी मी ‘हवामानबदलाचा परिणाम’ असं लिहिलं.

हंबीरराव : मग काय म्हणले तुझे परीक्षक?

अंकिता : तेवढ्याचंच कौतुक केलं.

हंबीरराव : मग ऱ्हाऊ दे तसंच. च्या घे, साय धरली बघ.

अंकिता : काका, आज तो बंद करायचाय. काम संपलं ना.

हंबीरराव : व्हय… उद्याच्या बातम्या लिवून झाल्यात. तेवढ्या नेल्या आसत्या त्यानं.

अंकिता : उद्यापर्यंत ठेवते. आणि नंतर मी वाचत जाईन. रोज.

हंबीरराव : आसं बोलू नगंस. मग मी पहाटं उठून तू आलीस का बघत बसतो.