बरगडीची आग आणि दुसऱ्याचा गाल

...आणि वरून लोक म्हणतात, ‘घाबरायचं काय त्यात?’ अहो, घाबरू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं लोकांच्या दाढ्या करतोय, कुणाला साधा ओरखडा नाही, आणि त्या नागिणीनं माझी पार दैना केली! पुरळ पंधरा दिवसांत वाळलं, पण बरगडीखाली आग ठेवून गेलं. सदरा टेकला तरी चटका! पंखा लावला तरी मी आपला आधीच, ‘आई गं!’

डॉक्टर म्हणाले, ‘शीर दुखावलीय. पोटातून गोळी घ्या, नाहीतर वरून मलम. गोळीनं जरा झोप येईल हं.’ जरा? अहो, माझ्या हातात वस्तरा असतो! मला डुलकी लागायची आणि... नको, पुढचं बोलवतच नाही. गळा गिऱ्हाइकाचा, घाम माझा!

बायको म्हणते, ‘घ्या की निमूट! तुमचं कण्हणं ऐकवत नाही.’ औषधवाल्यानं खोक्यातला कागद वाचला, ‘गोळी घेऊन यंत्र चालवू नये.’ म्हटलं, ‘वस्तरा यंत्रात धरायचा का हो?’ तर म्हणतो कसा, ‘मला नका विचारू, मी तुमच्याकडेच दाढीला येतो!’ आणि स्वतःचा गळा चाचपला हो त्यानं! म्हटलं, मलम द्या. तो मागून ओरडतोय, ‘मिरचीच्या अर्काचं आहे, हातमोजा घाला, साबणानं हात...’ हातमोजा? न्हाव्याला? बोटांना गाल कळायला नको?

सकाळी दुकानात मलम चोळलं, हात पाण्याच्या वाटीत बुचकळले, टॉवेलला पुसले, आणि दारात कोण? डॉक्टर! केली दाढी. आणि शेवटी आमची ती सवय... खुंट राहिलेत का बघायला गाल, हनुवटी, गळा, सगळीकडून उघडा हात फिरवला. मिनिटभर काही नाही. मग डॉक्टर जे किंचाळले! मी रक्त शोधतोय... गळ्यावर, कानामागे, फरशीवर... रक्ताचा थेंब नाही आणि माणूस तर बोंबलतोय! म्हटलं, आत कुठेतरी कापलं, मेला हा माणूस माझ्या हातून! गळा गिऱ्हाइकाचा, घाम माझा... घाम कसला, नुसत्या धारा!

अर्धा तास साबणानं तोंड धूत होते बिचारे. मग धापा टाकत म्हणाले, ‘गोळी. अर्धी. रात्री झोपताना. आणि ते मलम फेका आधी!’

घेतो आता. आग उतरली, सकाळी डोळे लख्ख, हात स्थिर. पण ती किंचाळी अख्ख्या गल्लीनं ऐकली ना! जो येतो तो उभ्याउभ्याच विचारतो, ‘मलम की गोळी?’ मलम म्हटलं तर गाल झाकतो, गोळी म्हटलं तर गळा. परवा एकाला वैतागून खोटंच सांगितलं, ‘काही घेत नाही हो!’ तर म्हणाला, ‘बाप रे, मग मध्येच कळ आली तर?’ आणि गेला समोरच्या दुकानात!

हात तर चालू राहायला हवा... म्हणून सध्या माझीच दाढी करतोय. दिवसातून तीनदा.